न स्थिरावलेल्यांची बाजू

माझी मैत्रीण संघमित्रा, आमची मित्रा, कोसळली त्या सकाळी मी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेवर होते आणि फोन टेबलाच्या खणात टाकलेला होता. दुपारी बाराला खण उघडला तर एकाच नंबरावरून नऊ फोन येऊन गेलेले. नंबर तिच्या आईचा, हौसाबाईंचा. त्यांच्याकडे जुना बटणांचा फोन आहे. नंबर शोधून लावणं त्यांना जमत नाही. हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटी ज्याला फोन केला होता त्यालाच पुन्हा लागतो, एवढं त्या जाणून आहेत. शेवटचा नंबर माझा होता, कारण आदल्या संध्याकाळी मित्रानं आईच्याच फोनवरून मला फोन केला होता आणि "जर्नलं तपासतेय गं, उद्या निवांत बोलू" असं म्हणून मी तो दोन मिनिटांत ठेवला होता. तो उद्या उजाडला तेव्हा शेजारच्यांनी तिला जीपमध्ये घालून कळंबहून बारामतीला आणलं होतं. मी दवाखान्यात पोहोचले तोवर ती बोलण्यापलीकडे गेली होती. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती गेली. चोपन्न वर्षांची होती. माझ्याहून चार महिन्यांनी लहान... आणि आयुष्यभर मला थोरल्या बहिणीसारखी दटावत आलेली.

राग यायला मला फार वेळ लागत नाही, हे माझा कुठलाही विद्यार्थी सांगेल. पण एरवी तो जसा येतो तसा जातो. या वेळचा गेले काही आठवडे उतरायलाच तयार नाही. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मित्राचा फोटो पासपोर्टच्या आकाराचा आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे अकरा चेहरे, त्यातले सात गॉगल लावलेले. वर ठळक अक्षरांत: 'बारामतीची तारका निखळली. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो.' संघमित्रा कळंबची, म्हणजे इंदापूर तालुक्यातली. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्या घरात ना ईश्वर आहे ना आत्मा. आणि ताऱ्यांवर तिनं आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. ती अभ्यास करायची तो जे दिसतच नाही त्याचा. दोन ओळींत इतक्या चुका आमच्याकडची नववीतली पोरंसुद्धा करत नाहीत. फ्लेक्स लावणाऱ्याला मी हे जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, भावना पोचली ना?" नाही पोचली. कुणाची आणि कुणाला पोचायची होती, हेही मला कळलं नाही.

आम्ही दोघी भेटलो बारामतीच्या कॉलेजात, अकरावीला. मी सांगवीची. घरची भाजीपाल्याची शेती, वडील पहाटे टेम्पो भरून मार्केटला जाणारे. ती वसतिगृहात राहायची. वडील एसटीत कंडक्टर होते, ते ती लहान असतानाच गेले. आई मजुरीला जायची. रोल नंबर शेजारचे म्हणून प्रयोगशाळेत आम्ही एका टेबलावर आलो आणि तिथंच आमचं पहिलं भांडण झालं. लंबकाचा प्रयोग होता. जे जे विज्ञान शाखेतून गेले आहेत त्यांना 'रीडिंग जुळवणं' म्हणजे काय ते सांगायला नको. उत्तर आधीच ठाऊक असतं, आलेख सरळ रेषेत यायला हवा असतो, म्हणून जो बिंदू रेषेबाहेर पडतो त्याला खोडरबरानं आत आणायचं. सर स्वतःच तसं सुचवायचे. आता मीही सुचवते, लपवत नाही. परीक्षेत तीन तासांत आलेख यावा लागतो. मित्रानं तो बिंदू खोडला नाही. "आलाय तो आलाय," म्हणाली. सरांनी तिचे दोन गुण कापले आणि जोडीदार म्हणून माझेही. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्या आठवड्यात ती एकटी जाऊन तोच प्रयोग चार वेळा करून आली. लाकडी स्टँडचा स्क्रू झिजला होता. दोरी लांब केली की स्टँड अगदी किंचित डोलायचा. त्या टेबलावर वर्षानुवर्षं मुलांनी प्रयोग केले होते, त्या सगळ्यांनी तो बिंदू रेषेवर आणून ठेवला होता आणि म्हणूनच स्क्रू कुणाला दिसला नव्हता. तिनं सरांना दाखवलं. सरांनी स्क्रू बदलला. गुण काही परत दिले नाहीत.

पुढं ती पुण्याला गेली, एम.एस्सी., पीएच.डी., मग परदेशात काही वर्षं, मग पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेत नोकरी. मी बी.एड. करून आमच्याच कॉलेजात शिकवायला लागले. ती नेमकं काय करते हे मला पहिल्यांदा समजलं ते कळंबला, तिच्या घरी, हौसामावशी शेजारी बसून मेथी निवडत असताना. आपली आकाशगंगा जिथं आहे तिथं तिच्याभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचा एक प्रचंड गोळा आहे. तो उजेड देत नाही की अडवत नाही. आहे हे कळतं ते नुसत्या त्याच्या ओढीवरून. प्रत्येक आकाशगंगेभोवती असा एक. पुस्तकात त्या द्रव्याला कृष्णद्रव्य म्हणतात आणि त्या गोळ्याला प्रभामंडल. "प्रभा नाही न काही नाही, देवाच्या फोटोतनं उचललेला शब्द," असं ती वैतागून म्हणायची आणि स्वतः साधं 'गोळा' म्हणायची. तिचा प्रश्न असा होता की दोन गोळे अगदी सारख्या वजनाचे असले तरी एकाचा गाभा घट्ट आणि दुसऱ्याचा सैल का? उत्तर त्यांच्या जन्मकथेत आहे. जो लवकर जमला तो सगळं विश्वच दाटीवाटीचं होतं तेव्हा जमला, म्हणून त्याचा गाभा घट्ट. जो उशिरा जमला तो सैल. नंतर येऊन पडणारं द्रव्य बहुतेक बाहेर बाहेर साठत जातं, वजन वाढवतं, पण गाभ्याला फारसा हात लावू शकत नाही. "म्हणजे आतला घट्टपणा मोजला की गोळा कधी जमला ते सांगता येतं," ती म्हणाली.

मावशींनी मेथीतून मान वर केली. "मंग आमच्या गंजीवानीच की."

हौसामावशी एरवी इतरांसारख्याच दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायच्या, पण कडब्याची गंज लावायची असली की त्यांना मुद्दाम बोलावणं यायचं, तेही फक्त मधला भाग रचण्यापुरतं. पहिल्या पेंढ्या उभ्या लावायच्या, पायानं दाबायच्या, एकीत एक अडकवून अशा बसवायच्या की वारा आला तरी हलू नयेत. त्यानंतरच्या पेंढ्या कुणीही फेकाव्यात. त्यांची आणखी एक ख्याती होती. दुसऱ्यानं लावलेल्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून त्या सांगायच्या की मधला भाग निवांतपणे रचलाय की पाऊस अंगावर आल्यावर घाईत उरकलाय. मित्रा आईजवळ सरकली. मग म्हणाली, "आई, हे तुला कुणी शिकवलं?" मावशी म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? हाताला लागतंय की." मित्रानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू तिचा प्रबंध कुणीतरी आधीच लिहून ठेवला होता आणि तो इतकी वर्षं घरातच पडून होता.

आता माझी चूक सांगते, कारण दुसऱ्यांना बोल लावायचे तर ती आधी सांगायला हवी. मित्रा प्राध्यापक झाली तेव्हा आमच्या कॉलेजनं तिचा सत्कार ठरवला आणि परिचय लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मी मन लावून लिहिला. 'शेतमजूर आईच्या अंधाऱ्या झोपडीतून निघालेल्या या मुलीला आमच्या महाविद्यालयानं दृष्टी दिली, संस्थेनं पंख दिले...' असा सगळा थाट. आदल्या दिवशी तिला वाचायला दिला. तिनं वाचला आणि लाल पेन मागितलं.

"आमच्या घरात वीज होती, उजे. पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि दोन्हीत बल्ब होता. अंधार तू कुठनं आणलास?"

मी म्हणाले, अगं, ऐकणाऱ्यांना तसंच आवडतं. त्यावर ती खरोखर भडकली. मी पाहिलेला तिचा तो पहिला राग. बोलता बोलता तिनं मला तिच्या कामातली एक गोष्ट सांगितली, जी मला त्या वेळी अर्धवटच कळली. हे लोक संगणकात अख्खं विश्व वाढवून बघतात, टप्प्याटप्प्यानं. मग आजचा एखादा गोळा घ्यायचा आणि त्याची वंशावळ मागं मागं शोधत जायची. दर टप्प्याला दोन-चार पूर्वज निघतात, कारण गोळे एकमेकांत मिसळत आलेले असतात. संगणकाला सांगून ठेवलेलं असतं की त्यातला सगळ्यात जड तो खरा पूर्वज धर, बाकीचे येऊन मिळालेले. अशी एक जाडजूड मुख्य फांदी तयार होते आणि गोळ्याचा जन्मकाळ तिच्यावरून ठरतो. पद्धत सोयीची आहे, बहुतेक वेळा बरोबरही येते. "पण कधी कधी," ती म्हणाली, "लहान गोळा जुना असतो, घट्ट असतो. तो मोठ्या सैल गोळ्यात शिरला तरी मोडत नाही. आत उतरत उतरत बरोबर मध्यभागी जाऊन बसतो. आजचा गाभा त्याचा, आणि वंशावळीत नाव मात्र मोठ्याचं. तू तेच केलंयस. कॉलेज मोठं, संस्था मोठी, म्हणून ते पूर्वज. आणि आई येऊन मिळालेली."

सत्कारात वाचला गेला तो तिनं दुरुस्त केलेला परिचय. त्यात पहिलंच वाक्य होतं की घट्ट काय आणि सैल काय हे पारखायला ही आईकडून शिकली. टाळ्या बेताच्याच पडल्या. मावशी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती पदराची गाठ सोडून पुन्हा बांधली.

संस्थेतलं तिचं भांडण याच गोष्टीवरून होतं आणि ते बरीच वर्षं चाललं. तिथल्या गटानं एक मोठी यादी करायला घेतली होती: कोणता गोळा कधी जमला आणि त्याचा गाभा किती घट्ट आहे. जगभरच्या अभ्यासकांनी ती वापरावी असा बेत. यादीत घेण्याआधी गोळे पारखले जायचे. जे अजून हलताहेत, ज्यांचा मध्य एकीकडं आणि वजनाचा तोल दुसरीकडं आहे, ते 'न स्थिरावलेले' म्हणून बाजूला काढायचे. त्यांचा घट्टपणा नीट मोजता येत नाही हे कारण खोटं नाही. मित्राही ते मानायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की ज्यांच्या पोटात तिला जुना लहान गोळा सापडला होता, ते जवळजवळ सगळे या बाजूला काढलेल्यांतच होते. "ज्यांचा इतिहास धकाधकीचा त्यांनाच वगळायचं," ती म्हणायची, "आणि मग सांगायचं की रचनेचं आणि इतिहासाचं नातं बघा किती सुरेख आहे. सुरेख दिसणारच की." हे ती गोळ्यांबद्दलच बोलायची. पण तिच्या आवाजात आणखी काहीतरी असायचं आणि ते ऐकू यायला मला, सांगवीच्या बागायतदाराच्या मुलीला, फार वर्षं लागली. ती मात्र मला कधी समजावून सांगायला बसली नाही. माझं मला कळेल म्हणून वाट बघत राहिली असावी.

गटाचे प्रमुख सभ्य गृहस्थ आहेत. ते कधी नाही म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, पुरावा आणा. तुम्हाला जो जुना गाभा दिसतोय तो ढोबळ हिशेबामुळं झालेला भास असू शकतो. तोच गोळा अधिक बारीक हिशेबानं पुन्हा वाढवून दाखवा. रास्त मागणी. मित्रानं त्यासाठी संस्थेच्या मोठ्या संगणकावर वेळ मागितला आणि रांगेतला तिचा नंबर मागं मागं जात राहिला. कधी परदेशातल्या पाहुण्यांचं काम निघायचं, कधी यादीचंच काम तातडीचं असायचं. कुणी अन्याय केला असं बोट दाखवून म्हणता येऊ नये इतक्या व्यवस्थित रीतीनं तो नंबर मागं जायचा. मला याचाच संताप येतो. कुणी तोंडावर नाही म्हटलं असतं तर तिनं त्याला तोंडावर उत्तर दिलं असतं.

सहा वर्षांपूर्वी मावशींचं कमरेचं हाड मोडलं आणि मित्रा कळंबला राहायला आली. आठवड्यातून दोनदा पुण्याला जायची, बाकी काम घरून. तेव्हा तिनं स्वतःच एक दणकट संगणक जोडून घेतला आणि घरातल्या आतल्या खोलीत ठेवला. उन्हाळ्यात तो तापू नये म्हणून खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर मावशी तासातासाला पाणी मारणार. इन्व्हर्टर वेगळा. रांगेत उभं राहायचं नाही, एकच गोळा घ्यायचा आणि तो घरीच बारीक हिशेबानं वाढवायचा असं तिनं ठरवलं. संस्थेत जे काम काही दिवसांत झालं असतं त्याला इथं महिनोन्‌महिने लागत होते. गेल्या दसऱ्याला सुरू केलेला तो गोळा फेब्रुवारीत शेवटच्या टप्प्यांकडं आला होता. त्या सकाळी डोकं धरून खाली बसताना ती आईला म्हणाली ते शेवटचं वाक्य त्याच्याबद्दलचं होतं. "मशीन बंद करू नको, चालू आहे." मावशींनी हे मला दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. मी मान हलवली आणि विसरून गेले.

मार्चच्या मध्याला बारामतीत शोकसभा झाली. हॉल भरलेला. सूत्रसंचालकानं पुन्हा एकदा मृतात्म्याला शांती मागितली. प्राचार्य म्हणाले, आमच्या प्रयोगशाळेनं तिला घडवलं. मला स्क्रू आठवला. एक पुढारी म्हणाले की त्यांनीच तिला एकदा शिष्यवृत्तीचा फॉर्म दिला होता. गेल्या पाच-दहा वर्षांत तिच्या आयुष्याच्या कडेकडेनं येऊन साठलेली ही माणसं एकामागून एक उठत होती आणि प्रत्येक जण आपण तिच्या गाभ्यात होतो असं सांगत होता. पहिल्या रांगेत हौसामावशी बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात. 'मातोश्रींची मनःस्थिती बोलण्याची नाही' असं परस्पर जाहीर झालं. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. शेवटी पुण्याहून आलेले प्रमुख बोलले, हळू आवाजात, खरोखर हळवे होऊन. म्हणाले, संघमित्रा आमच्याकडं कच्ची आली होती, हिऱ्यासारखी होऊन गेली. यादीबद्दलचा तिचा आक्षेप आम्ही मनापासून तपासणार होतो, पण दुर्दैवानं पुरावा हाती आला नाही. "या महिनाअखेरीला आम्ही यादी बंद करतो आहोत. आणि ती आम्ही संघमित्राला अर्पण करतो आहोत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ज्यांच्यासाठी आयुष्यभर भांडण केलं त्यांना वगळून केलेली यादी, आणि तीच तिला अर्पण. लोकांनी डोळे पुसले. मी उठून उभी राहायला हवं होतं. राहिले नाही. पर्स घट्ट धरून बसून राहिले आणि मनातल्या मनात फार जोरदार भाषण केलं.

जिना उतरताना मावशींनी माझा दंड धरला. "उजल, घरी येऊन जा. काम हाय जरा."

"येते मावशी," मी म्हणाले. "बोर्डाचे पेपर तेवढे संपू देत."

मला वाटलं, वारसाच्या नोंदीचे कागद असतील, नाहीतर एकटं वाटत असेल. पुढच्या आठवड्यात शेजारच्या सुनेनं त्यांना फोन लावून दिला तेव्हाही मी म्हणाले, येते, या आठवड्यात नक्की येते. आणि त्या काळात मी काय करत होते? रागावत होते. आत्म्याच्या शांतीवरून प्राचार्यांशी भांडले. फ्लेक्सवाल्याला पुन्हा गाठलं. प्रमुखांना लांबलचक पत्र लिहिलं आणि फार कडक झालं म्हणून पाठवलं नाही. या लेखाचा पहिला खर्डाही तेव्हाच लिहिला. तो सगळा त्यांच्याच विरुद्ध होता. सगळ्यांचे दात त्यांच्याच घशात घालण्यात माझे तीन आठवडे अगदी छान गेले.

एप्रिल उजाडून तीन दिवस झाल्यावर मी कळंबला गेले. मावशींनी पाणी दिलं, चहा टाकते म्हणाल्या आणि मला आतल्या खोलीकडं बोट दाखवलं. खोली होती तशीच. वाळ्याचा पडदा ओला होता. टेबल पुसलेलं. मित्राचा चष्मा घडी घालून ठेवलेला. संगणक चालू होता, पडदा उजळलेला. दीड महिना त्यांनी तो बंद केला नव्हता. मी खुर्चीत बसले आणि पाहिलं. यंत्र चालू होतं, काम बंद होतं. नोंदीतली शेवटची ओळ मार्चमधली, शोकसभेच्या चार दिवस आधीची. लाइट गेली असणार, इन्व्हर्टर उतरला असणार. लाइट आल्यावर यंत्र आपोआप उठेल अशी तिनं सोय केली होती, पण हिशेब आपोआप सुरू होत नाही. त्याला कुणीतरी येऊन एक ओळ लिहावी लागते.

एक गोष्ट मी वर सांगितली नाही, सांगायची लाज वाटत होती म्हणून. ती ओळ मला येते. गेल्या वर्षी मित्रा एका परिषदेसाठी दहा दिवस परदेशी गेली तेव्हा जाण्याआधी तिनं मला समोर बसवून शिकवलं होतं. काम दर काही तासांनी जतन होतं. बंद पडलं तर जिथं थांबलं तिथून पुढं न्यायचं, बस एवढंच. त्या दहा दिवसांत एकदा लाइट गेली होती आणि मी एसटीनं येऊन ते चालू करून दिलं होतं. पाच मिनिटांचं काम. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मिळून ते करू शकणारी जिवंत व्यक्ती एकच होती, आणि ती बारामतीत बसून पत्रांचे खर्डे करत होती. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी आले असते तरी महिनाअखेरीच्या आत...

मी ती ओळ लिहिली. दोनदा चुकले. मग पडद्यावर आकडे सरकायला लागले आणि यंत्रातला पंखा आधी हळू, मग जोरात घुमायला लागला. मावशी चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या.

"लागलं?"

"लागलं, मावशी."

"अजून किती दिस घेईल?"

"बारा-तेरा."

त्यांनी कप टेबलावर ठेवला, यंत्रापासून लांब, मित्रा ठेवायला लावायची त्या कोपऱ्यात. "मंग त्या यादीत न्हाय बसायचं आता."

मी खुर्ची त्यांच्याकडं वळवली. विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक?

"महिनाअखेर म्हनला न्हवं त्यो सायेब? म्होरंच तर बसले हुते मी." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "त्याच्या आदीच चार दिस हे गप झालंतं. दुपारची लाइट गेली, मागनं आली, पन ह्येचा घुमा काय परत आला न्हाय. पोरगी बंद करू नगं म्हनली हुती, म्हून बटनाला हात लावला न्हाय. पानी मारत ऱ्हायले पडद्याला. मला येत असतं तर मीच चालू केलं असतं. तुला येतंय, म्हून तर जिन्यात तुला म्हनले, घरी ये, काम हाय."

पंखा घुमत होता. मावशींनी वाळ्याच्या पडद्याला हात लावून तो वाळलाय का ते पाहिलं आणि तांब्या उचलला.

"तुला वाटलं," त्या म्हणाल्या, "म्हातारी रडायला बोलावती."